दादरला उतरा आणि हलू नका

मथुराबाईंना मी कुर्ला टर्मिनसला उतरवलं आणि त्यांना न्यायला येणाऱ्या भाच्याला सीएसटीवर उभं केलं. दोघंही अगदी वेळेवर पोचले. तिकीट कन्फर्म, बर्थ खालचा, जागा खिडकीची. माझ्या कामात तशी खोट नव्हती. फक्त दोघांच्या मध्ये मुंबई नावाचं शहर पडलं होतं.

बुधवारा भागात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. झेरॉक्स, आधार, परीक्षेचे फॉर्म, तिकिटं. आमच्या बऱ्हाणपूरला स्टेशन एकच, तेही गावाबाहेर लालबागेत. इथला माणूस 'बंबईचं तिकीट काढ' म्हणतो, आणि गाडी जिथे संपते ती बंबई, एवढी माहिती त्याला पुरते. मलाही पुरली. तिकिटावर कुर्ला छापलेलं असताना भूषणला, म्हणजे त्या भाच्याला, फोनवर मीच ठणकावून सांगितलं, "सीएसटीला थांब, घड्याळाखाली." मथुराबाईंच्या घशाला आजार, सोबत सून अर्चना, जिने शेजारच्या रावेरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही, आणि परळच्या दवाखान्याची फाईल भूषणच्या हातात. ते एकमेकांना सापडेपर्यंत दवाखान्यातला नंबर गेला. पुढची तारीख एकवीस दिवसांनंतरची मिळाली.

त्या परत आल्या त्याच दुपारी लोटूकाका दुकानात आला. मथुराबाईंचा धाकटा भाऊ, वय शहात्तर, जन्मभर हमाली केलेला. अंगात अजून लाल सदरा आणि दंडाला पितळी बिल्ला. आता कोणी त्याच्या डोक्यावर पिशवीही देत नाही, पण बिल्ला रोज चिंचेने घासून चकचकीत.

"तुझ्या ह्या मशीनला विचार," कॉम्प्युटरकडे बोट करून तो म्हणाला, "बंबईत किती स्टेशनं?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी हळूच म्हटलं, "काका, चूक झाली."

"चूक पोरं करतात पाढ्यांत. माझी बहीण तीन तास कुर्ल्याच्या बाकड्यावर बसून होती. घोटभर पाणी उतरत नाही तिच्या गळ्याखाली. अन् तू म्हणतो चूक. विचार ना, विचार मशीनला!"

माझंही डोकं फिरलं. "तुम्हाला एवढं सगळं येतं, तर तुमची बहीण तिकिटाला माझ्याकडे का आली?"

गिऱ्हाइकं हसली. काकाने एकेकाकडे बघितलं. मग 'मुंबई तत्काळ तिकीट' अशी माझी पाटी खिळ्यावरून काढली, तोंड भिंतीकडे करून परत अडकवली आणि निघून गेला. कोणीच ती सरळ केली नाही. मीही नाही.

बहीण त्याच्याकडे का गेली नाही, हे अख्ख्या लोधीपुऱ्याला ठाऊक होतं. लोटूकाकाला मुंबईची गाडी विचारली की तो अठराशे त्रेपन्नपासून सुरू करतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली तिथून. मग ती पत्र्याची शेड जाऊन व्हीटीची इमारत कशी आली, व्हीटीची सीएसटी कशी झाली, तिच्या नावात पुढे अजून कशी भर पडली. गाडी सुटायला वीस मिनिटं असतात आणि काका अजून विक्टोरिया राणीपाशी असतो.

पण ही माहिती त्याने कुठून वाचलेली नव्हती, पाठीवर वाहिली होती. सोळाव्या वर्षी तो केळीच्या वॅगनबरोबर मुंबईला गेला. आपल्याकडून केळी भरून जायची ती वाडीबंदरच्या मालधक्क्यावर उतरायची, आणि ती उतरवणाऱ्यांत अकरा वर्षं हा होता. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाने त्याला बॅलार्ड पिअरची गोष्ट सांगितली. तिथे पूर्वी थेट गोदीत स्टेशन होतं. साहेब बोटीतून उतरला की समोरच पंजाबची गाडी उभी. पाय ओले होण्याआधी डब्यात. "अन् ती गाडी कुठून जायची? आपल्या बऱ्हाणपुरावरून!" हे सांगताना काकाची मान अशी ताठ होते, की वाटावं साहेबाची पेटी ह्यानेच उचलली होती. हे मी एकदा बोलून दाखवलं. तेव्हापासून, म्हणजे कुर्ल्याच्या कितीतरी आधीपासून, आमचं बिनसलेलं होतं.

बाप गेल्यावर तो परत आला आणि इथल्या स्टेशनचा बिल्ला मिळवला. बायको लवकर गेली. एक मुलगी, ती सासरी सुखात. केळी ट्रकवर गेली, बॅगांना चाकं आली. काकाचं चाकांशी वैर आहे. फलाटावरून कोणी बॅग घरंगळत नेली की तो मागून ओरडतो, "बाळ चालायला लागलं वाटतं!"

नवी तारीख जवळ आली तशी मथुराबाईंनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. त्यांचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. तो ऐकायचा तर दोघांनाही तोंड बंद ठेवावं लागत होतं, हीच काय ती सोय.

"लोट्या, तू सांगशील. प्रवीण, तू काढशील," त्या म्हणाल्या. "अन् ह्यावेळी नंबर गेला तर मी परत जाणार नाही. इथेच पडून राहीन."

अर्चनाने दाराची कडी घट्ट धरली.  काका खेकसला, "लिही. पंजाब मेल. उतरायचं दादरला."

"गाडी सीएसटीपर्यंत जाते," मी म्हटलं.

"जाऊ दे ना तिला! तुला परळला जायचंय का राणीच्या घरी? परळला दादर जवळ. एवढंही शिकवलं नाही शाळेत?"

मी लिहिलं, दादर.

"भाच्याला सांग, फलाट चार."

मी मोबाइलमध्ये बघितलं आणि, खरं सांगतो, मनातून आनंदाची उकळी फुटली. "काका, दादरचे नंबर बदलले. आता तिथे चार नंबर मध्य रेल्वेचा नाहीच. आपल्या बाजूचे आठपासून सुरू होतात."

काकाचा चेहरा उतरला. बिल्ल्यावरून त्याने अंगठा फिरवला. ते बघायला मला जरा जास्तच आवडलं.

"नंबर बदलले," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे फलाट सरकला का?"

"तसं नाही, पण भूषण चुकीच्या..."

"फलाट तिथेच आहे ना? जिना तिथेच आहे ना? मग ऐक. माझी बहीण जिना चढणार नाही. चढली तर मधेच बसेल. दादरला गाडी दोन-तीन मिनिटं टेकते. कल्याण सुटलं की चपला घालायच्या, ठाणं आलं की दाराशी यायचं, चहा घ्यायचा नाही. उतरायचं अन् हलायचं नाही. गर्दी ढकलेल, ढकलू दे. खांबाला पाठ लावायची. भाच्याने चाकाची खुर्ची घेऊन डब्यापाशी यायचं. म्हातारीने भाच्याला शोधायचं नाही, भाच्याने म्हातारीला शोधायचं. तुझ्या मशीनमध्ये हे येतं?"

नव्हतं येत. तिथे फक्त तिकीट येत होतं.

"चाकाची खुर्ची चालते वाटतं तुम्हाला," मी म्हटलं.

"तिच्यावर माणूस बसतो. बॅग नाही," तो म्हणाला.

मथुराबाईंनी दोघांकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने भूषणला फोन लावला. खुर्ची कुठे मागायची, डबा साधारण कुठे लागतो, बाहेर पडायचं ते पूर्वेला, सगळं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. काका शेजारी उभा राहून प्रत्येक शब्दाला नाक मुरडत होता. नंबर बदलल्याचं मात्र त्याने स्वतःच फोन ओढून घेऊन भूषणला बजावलं. जणू शोध त्याचाच.

त्या पोचायच्या सकाळी दुकान उघडायला गेलो तर काका पायरीवर. नमस्कार नाही, काही नाही. आत येऊन माझ्या खुर्चीवर बसला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मी.

"लावू का फोन?"

"हात लावू नको. खुर्ची ढकलत असेल तो."

साडेनऊ झाले. चहा आला, त्याने परत पाठवला. दहाला मोबाइल वाजला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच हात घातला आणि तो टेबलाखाली पडला. मी वाकून उचलला, स्पीकर लावला.

"मामीचा नंबर लागला," भूषण म्हणाला. "आत नेलंय. आज सगळ्या तपासण्या होतील. उतरल्या तिथेच खांबाला चिकटून उभ्या होत्या, अर्चनावहिनीला पण हलू देईनात. हमाल म्हणाला बाजूला व्हा, तर त्याच्यावरच डोळे वटारले."

काकाने डोळे पुसले नाहीत की काही नाही. उठला. "एकवीस दिवस उशीर झाला," एवढंच म्हणाला. दाराशी थांबून पुढे म्हणाला, "डॉक्टर काय म्हणेल ते म्हणेल. पण ते दिवस तुझ्या नावावर."

 

मथुराबाई दीड महिन्याने परत आल्या. ऑपरेशन झालं होतं, नाकात नळी होती, जेवण नळीतून. मी माफी मागायला गेलो. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी लिहायची पाटी मागवली आणि पेन्सिलीने लिहिलं: माफी नको. इतवाऱ्यातली मावा जिलेबी, पाव किलो. गरम.

"नळी निघाल्यावर," अर्चना घाईने म्हणाली.

नळी अजून आहे. डॉक्टर पुढच्या तारखेला सांगतील. लोटूकाका रोज संध्याकाळी दुकानावरून जातो, आत येत नाही, रस्त्यावरूनच ओरडतो, "जिलेबी बाकी आहे बरं का रे! लबाडा!" मी आतून म्हणतो, "हाव काका, आहे बाकी."