हीर, इहीर, विहीर

लॅपटॉपनं लाल अक्षरात चूक दाखवली की मी पडद्यावरची ती खिडकी बंद करायला निघायची. अक्का माझा हात धरायच्या. "थांब गं. एवढं ओरडून सांगतंय, काय म्हणतंय ते तरी ऐकून घेऊ." मग ती इंग्रजी ओळ त्या मोठ्यानं वाचायच्या.

अक्का आमच्या शेजारी राहायच्या; सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या, निवृत्त शिक्षिका. नोकरी सगळी जत भागात झाली. शाळा सुटली की बायकांत बसून त्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. कुठली ओवी कुणाची, हे बरेचदा लिहायचं राहून गेलं. निवृत्तीनंतर सगळ्या ओव्या त्यांनी स्वतः टाइप केल्या. मी कराडला कॉलेजात संगणक शिकवते. त्यांच्या लॅपटॉपवर मी एक शोधयंत्र बसवून दिलं. त्याला बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, की ते सगळ्या फायली वाचून कुठला शब्द कुठं आहे याची नोंद करून ठेवी. तेवढा वेळ अक्का हात मांडीवर ठेवून बसायच्या. "वाचतंय बिचारं. वाचू दे."

एकदा जतहून सुंदराबाई आल्या. त्यांची आई नुकतीच गेली होती. "फोटू न्हाई, आवाज न्हाई. तुमाला तिनं ओवी सांगितलीती म्हनं. त्यात हीर हुती बगा, कोरडी हीर. बाकी कायबी ध्यानात न्हाई."

मी 'हीर' टाकून पाहिलं, 'विहीर' टाकलं. आलेल्या ओव्या सुंदराबाईंना वाचून दाखवल्या; त्यांत आईची नव्हती. सुंदराबाई एसटीसाठी उठल्या. "ऱ्हाऊ द्या अक्का."

"का म्हणून? आईनं सांगितलीय, मी लिहिलीय. म्हंजे ती इथंच हाय."

मी सुचवलं, सगळ्या ओव्या प्रमाण भाषेत करून घेऊ, शोधणं सोपं होईल. अक्का माझ्यावर एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "त्या बायका बोलल्या तशाच राहतील. शिकायचं असेल तर यंत्रानं शिकावं."

मग त्यांनी ते मनावरच घेतलं. एकाच शब्दाची सगळी रूपं एका ओळीत लिहायची, म्हणजे एक विचारलं तरी यंत्र सगळी शोधी. पानी, पाणी, पाण्याला. न्हाई, नाही. एखादा स्वल्पविराम राहिला की सगळंच अडायचं. अक्का तो शोधून पुन्हा आज्ञा द्यायच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी होती, तेव्हा मला फोनवर शब्द सांगायच्या. "इहीर लिहिलंस का? जतकडं तसंबी म्हणतात. आणि इहिरीत?"

त्यानंतर 'विहीर' विचारलं, तेव्हा आधी कधी न आलेली एक ओवी आली. सुंदराबाईंना बोलावून घेतलं. अक्कांनी पहिली ओळ वाचली:

"आटल्या इहिरीत, पोहरा वाजतो खडकाला—"

दुसरी ओळ वाचायची गरजच पडली नाही. सुंदराबाई गाऊ लागल्या:

"पाणी माझ्या म्हायेराचं, आठवतं गं जीवाला."

आणि गातागाता त्यांना आईची आणखी एक ओवी सापडली, जी अक्कांकडं नव्हती. डोळे पुसत बसलेल्या अक्का पटकन लॅपटॉपकडं वळल्या. "थांबा, थांबा. परत म्हणा."

गेल्या वर्षी अक्का गेल्या. सुंदराबाई भेटायला आल्या, अक्कांच्या खुर्चीसमोर बसल्या आणि अक्कांचं नाव घालून त्यांनी एक नवी ओवी म्हटली. मी ती टाइप केली. 'हुती'चं 'होती' केलं नाही. मग आज्ञा दिली आणि हात मांडीवर ठेवून ते वाचून होईपर्यंत बसून राहिले.