बारा दहाचा आशीर्वाद

नेरेइदा कोयासो रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी नाहीशी व्हायची. हार्टफर्डच्या त्या विमा कंपनीत, चौदाव्या मजल्यावर, कोणाच्या ते लक्षातही येत नसे. खुर्चीच्या पाठीवर कोट असायचा, कपातली कॉफी वाफाळत असायची, आणि बाई जिन्यात. लिफ्ट असलेल्या इमारतीत जिना म्हणजे ओसाड माळ. तिथे भिंतीला कपाळ टेकवून ती आईला फोन लावायची आणि पलीकडे उचलला गेला की श्वासाइतक्या हळू म्हणायची, "बेंदिसियोन, मामी."

आशीर्वाद दे, आई. आमच्या पोर्तो रिकोच्या माणसांत याच्याआधी 'कशी आहेस' हेसुद्धा विचारत नाहीत. घरात शिरताना, निघताना, अगदी अबोला धरला असला तरी आधी हे. पलीकडून "देव तुझं भलं करो, नेना," असं आलं, की मग बाकीचं बोलणं.

एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात, तिने टेबलावर बसूनच मोकळ्या गळ्याने आशीर्वाद मागितला होता. शेजारचे चौघे वळले. तेव्हाची वरिष्ठ बाई जवळ येऊन मायेने म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना? भांडण झाल्यासारखं वाटलं." सगळे हसले. हसण्यात विखार असता तर नेरेइदाने तिथल्या तिथे सुनावलं असतं. ती पार्क स्ट्रीटवरच्या आमच्या वस्तीत वाढलेली, तोंडाची तिखट. पण ही टोचणी मायेची होती. दुसऱ्या दिवसापासून जिना.

आणि तेव्हापासून ऑफिसचा एक वेगळा आवाजही. बेताचा, इस्त्री केलेला. बैठकीत तो आवाज जळालेल्या घरांचे आणि ठोकलेल्या गाड्यांचे दावे समजावून सांगायचा, आणि नेरेइदा स्वतः त्याच्या मागे कुठेतरी तरंगत असायची. खिडक्यांना पांढरे पडदे होते. दुपारचं ऊन त्यांतून गाळून आलं की तिला वाटायचं, आपण चौदा वर्षांच्या आहोत आणि कापडाखाली उभ्या आहोत. शहराबाहेर नदीकाठी तंबाखूची शेतं. पान कोवळं राहावं म्हणून शेतंच्या शेतं पांढऱ्या कापडाने झाकलेली. एक उन्हाळा तिने तिथे आईबरोबर काम केलं होतं. कापडाखाली दिवस दुधात कालवल्यासारखा दिसायचा. माणसं दिसायची नाहीत, फक्त पानं हलायची आणि कुठूनतरी हाका यायच्या. कोण कोणाला हाक मारतंय ते आवाजावरून कळायचं. बैठक संपायची, कोणी तिला काहीतरी विचारायचं, आणि ती त्या दुधातून हळूहळू वर यायची.

यंदा पानगळीच्या सुमारास आईचे, डोन्या फेमियाचे, कान गेले. एकदम नाही. आधी शेजारणीचा रेडिओ गेला, मग किटलीची शिट्टी, आणि मग जिन्यातून बोलणारी लेक.

"हॅलो? कोण?" सोमवारी मामी म्हणाली.

"बेंदिसियोन, मामी."

"हॅलो? काही विकायचं असेल तर मला नकोय." फोन बंद.

मंगळवारी तेच. बुधवारी मामीने विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि फोन आपटला. जिन्यात उभ्या असलेल्या नेरेइदाला हसू आलं. मग ते विरलं. दावे विभागाच्या प्रमुखपदासाठी पुढच्या गुरुवारी तिची मुलाखत होती, साडेबाराला. शाळेची परीक्षा, लग्न, घटस्फोटाची तारीख, यांतल्या कशालाही ती आशीर्वादाशिवाय गेली नव्हती.

रविवारी ती मामीकडे गेली. दारातच ओरडून आशीर्वाद मागितला, ओरडून मिळाला. मामीने ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात वाढला.

"कानात यंत्र बसवून घे, मामी. डॉक्टर मी बघून ठेवलाय."

"माझं ऐकणं कुठे बिघडलंय? तुझं बोलणं बिघडलंय. तिथून फोन करतेस तेव्हा चोरीचा माल घेतल्यासारखा आशीर्वाद मागतेस."

"म्हणजे मी आहे हे तुला कळत होतं?"

"सोमवारी नाही कळलं. बुधवारी कळलं."

"मग शिव्या कोणाला दिल्यास?"

"तुलाच," मामी म्हणाली आणि भाताचा दुसरा डाव वाढला. "आम्ही तंबाखूच्या कोठारात चाळीस जणी पानं ओवत होतो. तुझी आजी त्या टोकाला, मी या टोकाला, मुकादम मधे. रोज सकाळी मी दारातून ओरडून मागायचे, ती तिकडून ओरडून द्यायची. मुकादमाला वाटायचं, आम्ही संप पुकारतोय."

"एकदा पुकारलातही."

"तो वेगळा. त्यालाही आवाजच लागला."

"ते कोठार होतं, मामी. हे ऑफिस आहे."

"वर छप्पर आहे ना? मग कोठारच."

नेरेइदाने ताट सरकवलं. "गुरुवारी माझी मुलाखत आहे. त्याचा आत्ताच देऊन ठेव, म्हणजे प्रश्न मिटला."

"भात फ्रीजमध्ये ठेवतात, नेना. आशीर्वाद नाही. गुरुवारचा गुरुवारी माग. ऐकू आला तर देईन."

घरी जाताना नेरेइदा गाडीत एकटीच भांडत होती. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, घराचे हप्ते फेडलेली, आणि या म्हातारीच्या एका वाक्यासाठी जीव टांगणीला. पण जीव टांगणीला होता खरा.

गुरुवारी बारा दहाला तिने जिन्याचं दार उघडलं, तर आत दोन माणसं कठडा बसवत होती. ड्रिलचा आवाज कानठळ्या बसवणारा. ती मागे फिरली. समोर लांबच लांब मजला, पडद्यांतून आलेलं पांढरं ऊन, टेबलांवर वाकलेली डोकी. मुलाखतीच्या खोलीचं दार सताड उघडं. आत विभागाचे वरिष्ठ, मिस्टर हॅलोरन, आणि आणखी चौघे कागद लावत होते. तिने फोन लावला.

"हॅलो? कोण?"

"बेंदिसियोन, मामी," ती ऑफिसच्या आवाजात म्हणाली.

"हॅलो?"

पलीकडे मामी श्वास धरून थांबली होती. ते थांबणं नेरेइदाला ओळखीचं वाटलं. कापडाखाली हाक मारली की असंच क्षणभर काही हलायचं नाही. मजला धूसर झाला. टेबलं ओळींनी उभी राहिली, पानांसारखी, आणि कुठेतरी त्या टोकाला, न दिसणारी, आपली आई उभी होती.

"बेंदिसियोन, मामी," ती म्हणाली. छातीतून, कोठाराच्या या टोकापासून त्या टोकाला पोहोचेल असं.

डोकी वर झाली. खोलीतला कोणाचा तरी कागद खाली पडला. आणि फोनमधून, बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात, स्पीकरची गरजच न ठेवता, मामी सुरू झाली. देव तुझं भलं करो, माझ्या लेकी, आई मारिया तुझ्यासोबत चालो, आणि रिकाम्या पोटी कॉफी ढोसू नकोस, तुझ्या बापाचं पोट त्यानेच बिघडलं होतं.

मग जवळच्याच टेबलावरून, फायलीतून मान न उचलता, ब्रेंडा म्हणाली, "उत्तर दे की गं. ताटकळल्यात त्या." ती हे स्पॅनिशमध्ये म्हणाली, आणि तेही आमच्या बेटावरच्या, शेवटचे स गिळून टाकणाऱ्या स्पॅनिशमध्ये. कायदा विभागातली ही ब्रेंडा सहा वर्षं सगळ्यांना सांगत आली होती की तिच्या घरचे लिस्बनचे, पोर्तुगीज. नेरेइदा तिच्याकडे बघत राहिली. ब्रेंडाचे कान लाल झाले होते, पण मान तिने उचलली नाही.

"आमेन, मामी. ठेवते."

हॅलोरन दारात आले होते. "नेरेइदा, घरी सगळं ठीक आहे ना?"

तोच प्रश्न. एकोणीस वर्षं तो त्याच खुंटीवर टांगलेला होता.

"ठीक आहे. आईचा आशीर्वाद घेतला," ती म्हणाली. "आमच्यात त्याशिवाय आत जात नाहीत. आता येते."

मुलाखतीत इस्त्रीचा आवाज बाहेर काढायचा राहूनच गेला. दोन-तीनदा ती हातवारे करून बोलली. एकदा चिडलीसुद्धा, एका चुकीच्या आकड्यावर, आणि चिडणं बरोबर होतं.

फेब्रुवारीत ते पद तिला मिळालं. नावाची पाटी, खिडकी, स्वतःची खोली. तिने मामीला संध्याकाळी जाऊन सांगितलं. मामीने बराच वेळ तिचा हात धरून ठेवला.

"खोलीला दार आहे?" मग तिने विचारलं.

"आहे ना. जाड लाकडाचं."

"हं," मामी म्हणाली.

पहिल्या दिवशी बारा दहाला नेरेइदाने सवयीने दार लावलं, खुर्चीत बसली आणि हळू आवाजात आशीर्वाद मागितला.

"हॅलो?" मामी म्हणाली. "काही विकायचं असेल तर मला नकोय."

नेरेइदा उठली. दार उघडलं. बाहेर पडद्यांतून ऊन गाळून येत होतं, आणि दूरवर ब्रेंडा भिंतीकडे तोंड करून कोणाला तरी फोन लावत होती. दारात उभं राहून नेरेइदाने पुन्हा, मोकळ्या गळ्याने, आशीर्वाद मागितला.