परचुरे सरांची लायब्ररी

आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींपेक्षा किस्सेच जास्त उभे राहतात. त्यांना कुणाची मंजुरी लागत नाही ना! आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात तर किस्सेच उरलेत आता.

*

ऐंशीच्या दशकात परचुरे सरांना कल्याणच्या पुढे एका विद्यापीठाच्या कॅम्पसचं काम मिळालं. मी डोंबिवलीचा, नुकताच नोकरीला लागलेलो. सरांनी आधी काय काढावं? लायब्ररी!

"अरे, बाकीचं कोणीही बांधेल. मला मरायच्या आधी ही एक इमारत बघायचीय."

खिडक्या सगळ्या उत्तरेला, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन नको. त्या खिडक्या मला इतक्या वेळा काढायला लावल्या, की वैताग आलेला.

*

साइटवर मोजणीला गेलो, तर नेमकं लायब्ररीच्या जागेवर उंबराचं झाड. खाली शेंदूर फासलेला दगड. गावातले भोईरबाबा आडवे आले. "सायेब, झार तोरू नको. आमची गावदेवी हाय."

झालं, म्हटलं, आता भांडण! पण सरांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि तिथेच नकाशा पसरून झाडाभोवती अंगण काढलं. वर बाबांना घरचा पत्ता लिहून दिला. "झाडाला काही झालं तर थेट माझ्याकडे यायचं."

*

नवे कुलगुरू आले की नवा प्लॅन! लायब्ररी दरवेळी 'पुढच्या टप्प्यात'. तेव्हा ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडायची पद्धत. खरवडून खरवडून कागदाला लायब्ररीच्या जागीच भोक पडलं.

आमचा ड्राफ्ट्समन तावडे म्हणाला, "सर, आता लायब्ररीत उजेडच उजेड!"

सर सोडून सगळे हसले. मीपण हसलेलो. आजही लाज वाटते.

*

शेवटी बांधलं काय, तर गेट. फीत कापली, टाळ्या झाल्या. पाहुणे रुबाबात आत गेले, समोर नुसतं गवत बघून तसेच बाहेर आले!

परतताना सर एवढंच म्हणाले, "गेट छान झालंय रे."

गेट आमचं नव्हतंच. ठेकेदाराने परस्पर उरकलेलं. त्यानंतर कामच बंद पडलं.

*

नव्वदचं दशक संपत आलेलं. सर कळव्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले, नजर पूर्ण गेलेली. काकूंनी मला दारातच गाठलं. "त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सांग रे."

मी सांगून टाकलं, "सर, लायब्ररी झाली."

"खरंच? आणि उंबर?"

"अंगणात आहे ना सर. मस्त सावली पडते."

सरांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली.

"अरे, उंबर मागच्याच पावसाळ्यात पडला. भोईरबाबा स्वतः येऊन सांगून गेले."

मला मान वर करवेना. काकू उठून आत गेल्या. सरांनी चाचपडत माझा हात धरला.

"बरं, आता खिडक्यांचं सांग."