थोडं थांबा, जोडून देते

आमच्या श्रीरामपूरच्या ऑफिसातली जुनी फोनयंत्रणा दुरुस्त करणारा तो. नकार द्यायचा तरी आधी "व्हय" म्हणायचा.

यंत्रणा बदलायची ठरली, तेव्हा साठलेले निरोप कॉम्प्युटरवर उतरवायला त्याला बोलावलं. काम झालं तरी तो उठेना.

"व्हय साहेब, नव्यात बी बाईंचाच आवाज ठेवू का? लोकांना सवय हाय."

"नमस्कार, थोडं थांबा, जोडून देते." आमच्या ऑपरेटर बाईंचा तो आवाज. त्या लग्न होऊन बेलापूरला गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली.

"ठेवा की," मी म्हणालो.

दुपारी फोन वाजला. उचलला, तर पलीकडे कुणी बोलेना. खिडकीतून पाहिलं. समोर रस्त्याकडेला तो मोबाईल कानाला लावून उभा होता. मी फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला.

कुणी उचलेपर्यंत पलीकडे बाईंचा आवाज ऐकू येत राहतो. मी उचलला नाही.