टांगलेला नान

माझी शेजारीण झुल्हुमोर आमच्या मार्गिलान गावात रेशीम विणते. बारा वर्षं झोपेत दात खाऊन तिचा जबडा असा आखडला, की तोंडात जेमतेम एक बोट जातं. ती ताश्कंदला शस्त्रक्रियेसाठी निघाली, तेव्हा मी रीतीप्रमाणे नान पुढे धरला. जाणाऱ्याने दातांनी घास तोडायचा. उरलेला नान खिळ्याला टांगायचा आणि परतल्यावर त्यानेच संपवायचा.

"हाताने तोड गं," मी म्हटलं.

"नको आपा. मग नुसते हातच परत यायचे."

तिने चावलं. कानाजवळ कट्कन वाजलं, डोळ्यांत पाणी आलं.

महिन्याने ती परतली. शस्त्रक्रिया झालीच नव्हती. सांधा पार झिजलाय, दुखणं जन्माचं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खिळ्यावरचा नान दगड झाला होता.

"आता हा कोण चावणार?" ती कुरकुरली.

मला रडगाणं खपत नाही. मी नान खलात कुटला आणि चहात कालवला.

"कुटलेला चालतो का, आपा?"

"चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय. मी म्हणते, चालतो. गीळ."

तिने गिळला, वाडगा खाली ठेवला, आणि माझ्याकडे रोखून बघत जागेपणीच दात खाऊ लागली.