विहीणबाईंचं तळघर

ग्रीसमधल्या पात्रा शहराच्या चढावरच्या वस्तीत अरिस्तिदिसचं अंगण प्रसिद्ध होतं. जन्मभर बस चालवलेला माणूस. खाचखळग्यांची त्याला भारी धास्ती. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने लिंबाची झाडं तोडून सगळं अंगण सिमेंटचं करून टाकलं. त्यावर अख्खी वस्ती हातात हात घालून नाचली. तेव्हापासून तो ते रोज असं धुवायचा, जणू नातवालाच आंघोळ घालतोय.

पावसाचं पाणी मात्र त्या अंगणात मुरेना. ते उतारावरून सुटायचं ते थेट खालच्या घरात, म्हणजे विहीणबाई एव्दोकियांकडे. यंदाच्या नोव्हेंबरात एव्दोकियाबाईंच्या तळघरात ऑलिव्ह तेलाचे डबे होड्यांसारखे तरंगले. बाई ओल्या चपलांनिशी वर आल्या.

"व्याहीबुवा, तुमचं पाणी आलंय आमच्याकडे. कॉफी विचारू का त्याला?"

"पाऊस देवाचा, विहीणबाई."

"आणि सिमेंट?"

"त्याच सिमेंटवर नाचलात तुम्ही!"

"नाचले. आता खाली पोहते. तळघर कोरडं होईस्तोवर नातवाच्या बाप्तिस्म्याला मी येणार नाही."

अरिस्तिदिसने सोपा उपाय केला: फाटकाला उंच उंबरठा घातला. पुढच्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या अंगणातून फिरून, त्याच्या शिव्या सोबत घेऊन, पुन्हा विहीणबाईंच्याच तळघरात उतरलं.

बायको फोतिनी वाढता वाढता म्हणाली, "अहो, लिंबं होती तेव्हा कुठे जायचं हो पाणी?"

दुसऱ्या दिवशी अरिस्तिदिसने घण उचलला. नवरा-नवरी नाचली तिथे पहिला घाव घालताना डोळे पाणावले. "धूळ गेली," म्हणाला. अंगणाच्या मधोमध त्याने उथळ खळगा केला, तळाशी खडी, वर भुसभुशीत माती, त्यात कण्हेर, आणि काठावर लिंबाची दोन रोपं. छपराची पन्हळही तिकडेच वळवली. खळग्यांना भिणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने खळगा खणला!

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी पाऊस कोसळला. पाणी खळग्यात घोटाभर साठलं, जरा रेंगाळलं आणि हळूहळू मुरलं. तेवढ्यात फोन वाजला.

"व्याहीबुवा, तळघरात जाऊन आले. चपला कोरड्या आहेत."

"मग येताय ना उद्या?"

"येते. पण नाचायचं कुठे? अंगण तर तुम्ही खणून ठेवलंत."

"तुमच्या तळघरात!"

दुसऱ्या दिवशी तेलाचे डबे भिंतीशी सरकवून सगळी मंडळी तळघरात नाचली. नाच पुढे नेणाऱ्याने मधूनच वाकून जमिनीवर थाप मारायची, अशी तिथली रीत. अरिस्तिदिस त्या दिवशी जरा जास्तच वेळा वाकला. दर थापेला तो तळहात फरशीवर क्षणभर टेकवून ठेवायचा आणि मग विहीणबाईंकडे बघून हसायचा.