आधी दगड, मग पोरं

एकदा मी रजिस्टरमधली सात पानं फाडून पर्समध्ये लपवली. चोर निदान दुसऱ्याचं चोरतो; मी आमच्याच संस्थेचं चोरलं. तेव्हा नातवंडं नव्हती, डोक्याला मेंदी होती, आणि मेंदीखाली फार अक्कल आहे अशी माझी समजूत होती.

पानं तिनं लिहिलेली. नरडाण्याजवळ मजुरांच्या वस्तीत आमचं पाळणाघर होतं, ते ती, वस्तीतलीच एक बाई, चालवायची. दर मंगळवारी पोरांची वजनं. पण काट्याला आधी टांगायची पाच किलोचा दगड, किराणा दुकानात तोलून आणलेला. मी घाई केली की म्हणायची, "आधी दगड, मग पोरं. काटा खरा शे का, बघू द्या अक्का."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हट्टी म्हणतो नि पुढे जातो.

ज्या पोराचं वजन वाढत नसे, त्याला ती वेगळं पान द्यायची. 'आई दोन पाळ्या करते.' 'जुलाब थांबत नाहीत.' शेवटचं पान सगळ्यांत धाकटीचं. दगडाहून जेमतेम मूठभर जड.

निधी देणाऱ्यांकडून एक साहेब मूल्यमापनाला येणार होते. मी पानं फाडली, आणि ती तोंड उघडेल म्हणून त्या दिवशी तिला मुद्दाम बाजाराला धाडलं.

"मागे पडलेली मुलं कोणती?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही," मी ऐटीत सांगितलं.

महिन्याभरात पत्र आलं. अभिनंदन, उद्दिष्ट पूर्ण झालं, यापुढे निधी अधिक गरजू वस्तीला. मी शहाणी 'अभिनंदन'पर्यंत वाचून पेढे आणायला निघाले होते.

तिनं पत्र शेवटपर्यंत वाचलं. रागावली नाही. पानं मागून घेतली आणि मला साहेबांना फोन करून खरं सांगायला लावलं.

"हीच पानं बघायला मी आलो होतो, बाई," ते म्हणाले. "या पोरांसाठीच तर निधी चालू राहिला असता. आता तुमच्या कुठल्या कागदावर विश्वास ठेवू?"

पाळणाघराला कुलूप लागलं. मी बरीच दारं ठोठावली. जिथं जाई तिथं माझं खोटं आधीच पोचलेलं. ती मात्र काटा झाडाला टांगून, घरची खिचडी शिजवून मंगळवार पाळत राहिली. घरचे तांदूळही संपले, तेव्हा नवऱ्यामागे कामासाठी सुरतेला निघाली.

नरडाणा स्टेशनवर मी तिला गाठलं. गाडी फलाटाला लागत होती. मी हात जोडले. तिनं गाठोडं उचललं आणि म्हणाली,

"माफी राहू द्या, अक्का. धाकटीला आजच्या आज दवाखान्यात न्या. काल काट्यावर घातली. दगड जड भरला."